इसार देण्याआधी त्या म्हाताऱ्यांना भेटा

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात

म्युनिकमध्ये चोवीस वर्षं राहिलेल्या एका वाचकाचं पत्र आहे. नाव त्यांच्या इच्छेनुसार गाळलं आहे. वय ५१, पत्नी ४८, मुलगी विद्यापीठात शिकते. नवरा-बायको दोघांनीही जर्मन नागरिकत्व घेतलं आहे. गेल्या जूनमध्ये ते सुट्टीला दक्षिण इटलीतल्या पुलिया प्रांतात गेले होते. तिथे ओस्तूनीजवळ एक जुनी मासेरिया, म्हणजे बुरूज आणि बंदिस्त अंगण असलेला दगडी शेतवाडा, विकायला आहे. सोबत १८ हेक्टर जमीन, तीत बहुतेक ऑलिव्हची जुनी झाडं, आणि अंगणाखाली खडकात कोरलेला तेलघाणा. मागणी ६ लाख ८० हजार युरो. महिनाअखेर प्रस्तावावर सही करून १५ हजारांचा चेक द्या, उत्तर युरोपातले आणखी दोघे रांगेत आहेत, असं एजंट म्हणतो. वाचकांचा हिशेब असा: तेलातून खर्च निघेल, खोल्या पाहुण्यांना देऊन वर काही सुटेल, निवृत्तीनंतर तिथे राहता येईल आणि पुढे सगळं मुलीला होईल.

ते लिहितात: "आजोबांना कूळकायद्यात कृष्णाकाठी साडेसहा एकर मिळाली होती. २००९ साली वडिलांनी आणि काकांनी ती विकली. माझ्या वाट्याचे पैसे इथल्या फ्लॅटमध्ये गेले. आता आम्हाला भारतात शेती घेता येत नाही. हातून गेलेलं परत मिळवायची ही एकच संधी वाटते. बायको म्हणते, 'तुला हौस आहे तर घे, पण मी तिथे लोकांना नाश्ता वाढत बसणार नाही.' काही झाडं वाळल्यासारखी दिसली, पण छाटली की फुटतील असं एजंट म्हणाला. एक म्हातारे गृहस्थ शेत बघतात, त्यांचं काय ते नंतर बघू, असंही म्हणाला. ताई, सही करू का?"

उत्तर

नमस्कार.

महिनाअखेर जवळ आली आहे म्हणून उत्तर आधी देते, कारणं मागून. या महिन्यात सही करू नका. पुढच्या महिन्यातही बहुधा नकोच. "आणि त्या दोघांनी घेतली तर?" घेऊ देत. जमिनीच्या व्यवहारांची पत्रं या सदराकडे पुष्कळ येतात. रांगेत "आणखी दोघे" उभे नाहीत असं एकही पत्र मला आठवत नाही.

एजंटने पुढे केलेला कागद आपल्याकडच्या 'टोकन'सारखा दिसतो आणि तिथेच माणूस फसतो. आपल्याकडे टोकन देऊन लोक आठवडाभर घासाघीस करतात, नाही जमलं तर पैसे परत मागतात. (मिळतात की नाही, ते सोडा.) इटलीत तुम्ही सही केलेला प्रस्ताव विकणाऱ्याने स्वीकारला आणि तसं तुम्हाला कळवलं, की दोघेही बांधले जाता. तुमचे पंधरा हजार त्यात इसार म्हणून लिहिले असतील तर तुम्ही फिरलात की ते बुडाले. विकणारा फिरला तर त्याने दुप्पट द्यायचे. 'अमुक तपासण्या समाधानकारक झाल्या तरच व्यवहार पुढे जाईल' अशी अट त्यात घालता येते, पण एजंटच्या छापील नमुन्यात ती आपोआप येईल असं समजू नका. ती घालायला स्वतःचा वकील लागतो. एजंटने सुचवलेला नको, त्याचा चुलतभाऊ तर मुळीच नको.

आता मुद्द्याकडे येते. तुमचं मूळ पत्र चांगलं चार पानी आहे आणि मी ते तीनदा वाचलं. बुरुजावरून दिसणारा समुद्र, मीटरभर जाडीच्या भिंती, अंगणातला अंजीर, सगळं त्यात आहे. त्या म्हाताऱ्या गृहस्थांवर मात्र एकच वाक्य आहे. मला विचाराल तर या सबंध व्यवहारात सर्वांत महत्त्वाचा माणूस तोच.

तो आहे कोण? पगारी गडी, मालकाच्या नात्यातला कुणी, की खंडाने जमीन करणारा? हे 'नंतर' बघण्यासारखं नाही. इटलीत शेतजमिनीचा खंड तोंडी ठरलेला असला तरी कायदा तो मानतो. १९८२ च्या कायद्याने अशा खंडाची मुदत किमान १५ वर्षं धरली आहे. शेतकरी संघटनांच्या मदतीने वेगळा लेखी करार झाला असेल तरच ती कमी होते. थोडक्यात, वीस वर्षांपूर्वी मालकाच्या वडिलांनी कॉफी पिता पिता "तू कर रे ती जमीन" म्हटलं असेल आणि ते म्हातारे गृहस्थ दरवर्षी चार पैसे नाहीतर चार डबे तेल पोचवत असतील, तर तुम्ही रिकामी जमीन विकत घेत नाही आहात. कूळ असलेली जमीन घेताय.

आणि गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. १९६५ च्या एका इटालियन कायद्याने, जो स्वतः राबतो आणि ठरावीक वर्षं (आता किमान दोन) ती जमीन कसतो आहे, त्याला जमीन विकताना पहिला हक्क दिला. १९७१ मध्ये तो हक्क आणखी पसरला: जमिनीवर कूळ नसेल तर बांधाला बांध लागून असलेल्या, स्वतः कसणाऱ्या शेजारी मालकालाही तो मिळतो. (दोन्ही हक्कांना आणखी अटी आहेत, त्या तुमचा वकील तपासेल.) विकणाऱ्याने ठरलेलं साठेखत या लोकांना रजिस्टर पत्राने पाठवायचं आणि ३० दिवस थांबायचं. त्यांनी तीच किंमत देतो म्हटलं तर जमीन त्यांची. आणि कळवलंच नाही तर? मग खरेदीची सरकारी नोंद झाल्यापासून वर्षभरात ते ती जमीन तुमच्याकडून सोडवून घेऊ शकतात, तीही खरेदीखतात लिहिलेल्या किमतीला. म्हणून खरेदीखतात किंमत कमी दाखवून कर वाचवू, असं कुणी कानात सांगितलं तर बेकायदा आहे एवढंच कारण पुरेसं आहे, पण वर हेही लक्षात ठेवा: शेजारी त्याच कमी किमतीवर बोट ठेवेल. त्या पहिल्या वर्षात तुम्ही छपरावर लाखभर युरो घातले असतील, ती डोकेदुखी वेगळी.

१८ हेक्टर म्हणजे जवळजवळ ४५ एकर. एवढ्या जमिनीला शेजारी किती? एजंटला उद्याच विचारा. त्याला सांगता आलं नाही तर तेही एक उत्तरच आहे.

यापुढचं जरा जपून लिहिते. टोमणा समजू नका.

आजोबांना साडेसहा एकर 'मिळाली' असं तुम्ही लिहिता. मिळाली म्हणजे काय झालं? १९४८ चा कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ ला, ज्याला कृषक दिन म्हणतात, कसणारं कूळ कायद्याने जमिनीचं मालक मानलं गेलं. आजोबांनी सरकारने ठरवलेली किंमत हप्त्याहप्त्याने भरली असेल, घरात एखादा पिवळा पडलेला दाखला अजून असेल. त्याच्या आधीच्या दिवशीपर्यंत तेही कुणाच्या तरी बोलण्यातलं असंच एक वाक्य होते: एक गृहस्थ शेत बघतात, त्यांचं काय ते नंतर बघू.

माझं माहेर बांधाच्या पलीकडचं. आम्ही राजापूरकडचे खोत. माझ्या आजीच्या तोंडी 'कूळ' हा शब्द शिवीसारखा यायचा. ज्यांच्याकडे जमिनी गेल्या त्यांची नावं ती शेवटपर्यंत देवाच्या नावांसारखी न चुकता म्हणायची. लहानपणी मला वाटे, काय अन्याय झाला आमच्यावर! पुढे कळलं की ती माणसं तीन पिढ्या त्या जमिनीत वाकली होती आणि आमच्या आजोबांनी नांगर कधी धरला नव्हता. आंबा कुठल्या झाडाचा हे मात्र ते वासावरून सांगत, ते कबूल करायला हवं.

दक्षिण इटलीची गोष्टही याच घराण्यातली आहे. मासेरिया म्हणजे काही गरीब शेतकऱ्याचं घर नव्हे. सोळाव्या शतकापासून पुढे मोठ्या जमीनदारांनी त्या बांधल्या. बुरूज आणि जाड भिंती आल्या समुद्रावरून येणाऱ्या हल्ल्यांच्या भीतीने. १४८० मध्ये ऑटोमन फौजेने पुलियाच्या किनाऱ्यावरचं ओत्रांतो घेतलं, ती धास्ती तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिली. तुम्हाला आवडलेला तो जमिनीखालचा घाणा: खाली ऊब राहते म्हणून तेल वाहतं राही, म्हणून तो खडकात खोदलेला. हंगामभर मजूर आणि खेचरं त्याच अंधारात महिनोन्‌महिने राहत. त्यातलं पुष्कळ तेल खाण्यासाठी नव्हतंच. पुलियातल्याच गल्लीपोली बंदरातून ते जहाजांनी उत्तरेकडे जाई आणि लंडनसारख्या शहरांतले दिवे त्यावर जळत. मजूर रोजंदारीवर, पहाटे चौकात उभे राहून काम मागणारे. त्यांच्यातूनच जुझेप्पे दी वित्तोरिओ नावाचा पुढारी आला. पुलियातल्या चेरिन्योलात १८९२ मध्ये जन्मलेला हा शेतमजूर पुढे इटलीच्या सर्वांत मोठ्या कामगार संघटनेचा प्रमुख झाला. १९५० मध्ये तिथेही जमीन सुधारणेचे कायदे झाले, मोठ्या जमीनदाऱ्यांचे तुकडे पडले. आपला कृषक दिन उजाडायला तेव्हा सात वर्षं होती.

तर आजोबांची जमीन परत हवी असं तुम्ही म्हणता, आणि घ्यायला निघाला आहात आजोबांच्या सावकाराचा वाडा. यात पाप काही नाही. वाडे कुणीतरी घेतंच, आणि कुणी घेतले नाहीत तर पडतात. पण मनात कुठली वस्तू आहे आणि चेक कुठल्या वस्तूचा फाटतो आहे, ते एकदा वेगवेगळं मांडून बघा.

झाडांबद्दल. जी वाळलेली दिसली ती छाटून फुटतील, हे एजंटने सांगितलं ते ऐकून मी कपाळाला हात लावला. २०१३ मध्ये गल्लीपोलीच्या आसपास ऑलिव्हमध्ये झायलेला नावाचा जिवाणू सापडला. तो झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नलिकांत वाढतो आणि झाड उभ्या उभ्या तहानेने मरतं. पिल्लू असताना फेसाच्या बुडबुड्यात राहणारा एक छोटा उडता किडा तो झाडाझाडांवर नेतो. तेव्हापासून रोग दक्षिणेकडून वर सरकत ब्रिंदिसी जिल्ह्यात, म्हणजे तुमच्या ओस्तूनीपर्यंत पोचला आहे. दोन कोटींहून जास्त झाडं त्याने घेतली असा तिथला अंदाज सांगतात. यावर औषध नाही. छाटलेल्या झाडाला खालून हिरवे धुमारे येतात, फोटोत छान दिसतात, आणि पुढे तेही वाळतात. ओल्यारोला आणि चेल्लिना या तिथल्या जुन्या जाती त्याला लवकर बळी पडतात. लेच्चीनो आणि फावोलोझा या दोन जाती बऱ्यापैकी तग धरतात, म्हणून नवी लागवड त्यांची होते. ती फळाला यायला काही वर्षं जातात. शिवाय त्या किड्याची पिल्लं मारण्यासाठी वसंतात जमीन नांगरणं किंवा तण काढणं तिथे जमीनमालकावर बंधनकारक केलेलं आहे. म्युनिकमध्ये बसून ४५ एकरांचं तण कोण काढणार?

"मग मेलेली झाडं काढून नवी लावू," म्हणाल. तेही परस्पर करता येत नाही. पुलियाने २००७ मध्ये कायदा करून जुन्या, स्मारकासारख्या ऑलिव्हना संरक्षण दिलं आहे. जमिनीपासून १३० सेंटिमीटरवर खोडाचा व्यास एक मीटर किंवा जास्त भरला की झाड त्यात येतं. ओस्तूनी, फासानो, कारोविन्यो, मोनोपोली हा पट्टा तर अशा झाडांसाठीच प्रसिद्ध. त्यांना हात लावायचा तर परवानगी. स्वतंत्र कृषितज्ज्ञाला शेतावर नेऊन झाडन्‌झाड मोजून घ्या: किती जिवंत, किती आजारी, किती संरक्षित, जात कोणती. त्याला जे पैसे द्याल ते या सगळ्या व्यवहारातले सर्वांत सत्कारणी लागलेले पैसे असतील.

तेलाचा हिशेब मी मुद्दाम फार ताणत नाही. निरोगी बागेतसुद्धा शंभर किलो फळातून पंधरा किलोच्या आसपास तेल निघतं, आणि ऑलिव्ह हापूससारखाच: एक वर्ष भरभरून, दुसऱ्या वर्षी हात आखडता. तोडणी ऑक्टोबर ते डिसेंबर. ती करणार कोण, हा प्रश्न तुमच्या पत्रात आलेलाच नाही. इटलीच्या शेतांत मुकादमांमार्फत कवडीमोलाने मजूर राबवले जातात, त्यांत आपले पंजाबी पुष्कळ आहेत. २०२४ च्या जूनमध्ये रोमच्या दक्षिणेला लातिना भागात एका पंजाबी शेतमजुराचा हात यंत्रात तुटला. त्याला दवाखान्यात न नेता घराबाहेर सोडून देण्यात आलं आणि तो दगावला. २०१६ च्या कायद्याने अशा पिळवणुकीसाठी मुकादमाबरोबर त्याच्याकडून मजूर घेऊन राबवणाऱ्यालाही गुन्हेगार धरलं आहे. स्वस्त तोडणी करून देतो म्हणणारा कुणी भेटला तर हे आठवा. आणि मजुरी रीतसर दिली की तेलातून छपराचा खर्च निघेल का, ते कागदावर मांडा. माझ्या मते निघणार नाही.

आता तुमची बायको. तिचं वाक्य तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंत. मला तर तो सबंध पत्रातला सर्वांत अचूक आर्थिक अंदाज वाटला. पाहुण्यांच्या खोल्या कोण झाडेल, चादरी कोण बदलेल, रात्री अकराला गीझर बंद पडला तर कोण धावेल, हे तिला लगेच दिसलं आणि तुम्हाला अंजीर दिसला. कायदाही तिच्या बाजूला आहे. इटलीत शेतावरच्या पाहुणचाराला अग्रितुरिस्मो म्हणतात. २००६ च्या कायद्याप्रमाणे तो शेती व्यावसायिकालाच करता येतो आणि शेतीचं काम पाहुणचारापेक्षा मोठं असावं लागतं. म्हणजे आधी शेतकरी व्हा, मग खोल्या द्या. शेती न करता नुसत्या खोल्या देण्याचे दुसरे परवाने असतात, पण त्यांचे नियम आणि कर वेगळे. तुमच्या हिशेबाच्या तक्त्यात तुम्ही शेतीचे फायदे आणि हॉटेलचं उत्पन्न एकाच रकान्यात बेरजेला धरलं आहे. तिच्याशी बोलताना "तुला काय नको" हे विचारून झालं आहे. साठाव्या वर्षी तिला कुठे, कुणाजवळ राहायचं आहे, ते विचारलंय का? आणि मुलीला हे हवं आहे का, हे तिच्या तोंडून ऐकलंत का? वारशात नको असलेली ४५ एकर आली की काय होतं, ते आमच्या राजापूरच्या घराला विचारा. अकरा वारस, एक कुलूप, आणि किल्ली कुणाकडे आहे यावर वाद.

कागदपत्रांचं थोडक्यात, कारण इथे तुम्ही मराठी माणूस म्हणून इतरांच्या पुढे आहात. तुम्हाला ठाऊक आहे की सातबारावर नाव असणं म्हणजे मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे. तिथलं कातास्तो हे दप्तरही तसंच, मुख्यतः कराच्या हिशेबासाठी. मालकीसाठी दस्तनोंदणीची दप्तरं मागची वीस वर्षं तरी चाळावी लागतात आणि ते काम नोतायो करतो. हा सरकारने नेमलेला, दस्त करणारा अधिकारी. तो दोघांचाही असतो, तुमचा वकील नसतो. जमीन ५,००० चौरस मीटरच्या वर असली की तिचा वापर कशासाठी ठरला आहे हे सांगणारा नगरपालिकेचा दाखला दस्ताला जोडावाच लागतो. मग बांधकाम: मंजूर नकाशा, कातास्तोतला नकाशा आणि प्रत्यक्ष भिंती, तिन्ही जुळतात का? बेकायदा बांधकामांना दंड घेऊन माफी देणारे कायदे इटलीत १९८५, १९९४ आणि २००३ असे तीनदा आले. आपल्या गुंठेवारीची आठवण यावी. तेव्हा तुमच्या पत्रातली मागच्या बाजूची ती 'गोड' न्हाणी कोणत्या सालच्या माफीत बसते, की कुठेच बसत नाही, ते जेओमेत्रा नावाचा तिथला मोजणी-नकाशेवाला बघून सांगेल. पाणीही बघा. पुलियाची जमीन चुनखडीची, नद्या जवळजवळ नाहीत, म्हणून तर १९०६ पासून डोंगरापलीकडून पाणी आणणारा प्रचंड जलवाहिनीचा प्रकल्प तिथे उभा राहिला. वाड्याला त्याची जोडणी आहे, की पावसाच्या पाण्याची टाकी आणि उन्हाळ्यात टँकर? विहीर असेल तर तिची नोंद आणि पाणी खारं झालं आहे का, हे दोन्ही.

वाडा सरकारी वारसा यादीत असेल तर २००४ च्या वारसा संहितेप्रमाणे विक्री कळवल्यापासून ६० दिवस सरकारला ती स्वतः घेण्याचा हक्क असतो, आणि पुढे खिडकी बदलायलाही वारसा कार्यालयाची परवानगी लागते. करात शेतजमिनीवर, तुम्ही शेतकरी नसल्याने, १५ टक्के नोंदणी कर. घरावर कातास्तोच्या मूल्याच्या ९ टक्के. तिथेच मुख्य घर करून दीड वर्षात रहिवास हलवलात तर घरासाठी हा दर २ टक्क्यांवर येऊ शकतो. म्हणून एकूण किमतीत जमीन किती आणि घर किती, हे कागदावर काय लिहिलं आहे त्याला फार अर्थ आहे.

भारतात राहून असाच विचार करणाऱ्या वाचकांसाठी दोन ओळी, कारण पुण्या-मुंबईहूनही अशी पत्रं येऊ लागली आहेत. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत एका निवासी व्यक्तीला आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंतच पैसे बाहेर पाठवता येतात. घरातल्यांच्या मर्यादा एकत्र करता येतात. विकत घेतलेली मालमत्ता दरवर्षी आयकर विवरणात परदेशी मालमत्ता म्हणून दाखवावी लागते. आणि युरोपीय संघाबाहेरच्या, इटलीत न राहणाऱ्या नागरिकाला तिथे मालमत्ता घेताना 'तुमच्या देशात आमच्या माणसाला घेता येते का' ही परस्परतेची अट लागू होते, ती नोतायोकडून आधीच तपासून घ्या. तुमचा पासपोर्ट जर्मन असल्याने हा काटा तुमच्या वाटेत नाही. भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही हे तुमचं म्हणणं बरोबरच आहे. वारशाने येऊ शकते, एवढी एक फट आहे. चुलत घराण्यात कुणी अजून कसतं का, याचं उत्तर पत्रात नव्हतं. माहीत असून लिहिलं नाहीत, की कधी विचारलंच नाहीत?

तर काय करता येईल. मी तुमच्या जागी असते तर पहिली गोष्ट: नोव्हेंबरात तोडणी चालू असताना ओस्तूनीत महिनाभर भाड्याने राहिले असते आणि फेब्रुवारीत पुन्हा आठवडाभर. जूनमध्ये कुठलाही दगडी वाडा सुंदरच असतो. फेब्रुवारीत त्याच मीटरभर जाडीच्या भिंती ओल धरतात आणि गावातली निम्मी दुकानं बंद असतात. दोघांनाही ते सोसलं तर पुढचं बोलणं. इटालियन शिकायला आजपासून लागा. जर्मन आणि हातवारे यांवर नगरपालिकेतली कामं होत नाहीत.

दुसरी गोष्ट, आणि मला सर्वांत जास्त हीच पटते: वाडा आणि जमीन एकत्रच घेतली पाहिजे असं कुणी सांगितलं? विकणाऱ्याला विचारा, वाडा आणि भोवतालची एक-दोन हेक्टर एवढंच द्याल का? उरलेल्या जमिनीवर ज्याचा पहिला हक्क आहे त्याला ती कदाचित हवीही असेल. नसेल, आणि तुम्ही सगळंच घेतलंत, तर त्या गृहस्थांशी किंवा शेजाऱ्याशी शेतकरी संघटनेच्या मदतीने रीतसर लेखी खंड करा. नवी झाडं कोण लावणार, पाणी कुणाचं, तेलाचा वाटा किती, सगळं त्यात लिहा. तुम्ही बुरुजावर बसा, जमीन तिच्या माणसाकडे राहू द्या. पैसा गुंतवणूक म्हणून परत यायला हवा असेल, तर मात्र हा व्यवहारच नको. निवृत्तीचे निम्म्याहून जास्त पैसे यात जाणार असतील तरीही नको. ते आकडे तुम्ही लिहिले नाहीत, पण मी अंदाज करू शकते.

आणि सगळ्याच्या आधी त्या म्हाताऱ्यांना भेटा. एजंटला न कळवता, स्वतःचा दुभाषा घेऊन, बायकोला बरोबर नेऊन. रिकाम्या हाताने जाऊ नका. किती वर्षं कसता, खंड कुणाला आणि कसा देता, कोणती झाडं आधी गेली, त्या जागी तुम्ही काय लावलं असतं, हे विचारा. मग गप्प बसा आणि त्यांना बोलू द्या. तुमच्या आजोबांबद्दलही सांगा. त्यांना ते दुसऱ्या कुणापेक्षा लवकर कळेल असं मला वाटतं. काय म्हणाले ते मला लिहा. वाड्याच्या किमतीचं आपण त्यानंतर बघू.